आत्याची हरकत

आमच्या बिल्डिंगमध्ये अशी बातमी होती की माझी आत्या परीक्षेत कॉपी करताना पकडली गेली आणि म्हणून तिची तीन वर्षांची पदवी सात वर्षं झाली तरी संपत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू ही बातमी जिन्यात उभ्या राहून सांगायच्या. आधी वर बघायचं, मग खाली बघायचं, मग गळा आवळल्यासारखा आवाज काढायचा: "आपल्याला काय करायचंय म्हणा. पण बाहीत चिठ्ठी सापडली म्हणे. ह्या वयात!"

साफ खोटं. कॉपी करायची तर शेजारच्याला आपल्यापेक्षा जास्त येतं असं निदान मिनिटभर तरी मानावं लागतं, आणि आत्याने ते आजवर कुणाच्याही बाबतीत मानलेलं नाही. ती अडकली मार्कांमुळेच, पण तिला पडलेल्या नव्हे. तिने दुसऱ्यांना दिलेल्या.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आमच्याच मजल्यावर समोरच्या दोन खोल्यांत एकटी राहते आणि जेवायला आमच्याकडे असते. आई-बाबा दोघंही तिला ताई म्हणतात, आणि ती दारातून आत आली की दोघंही उगाचच उठून उभे राहतात. नळ आणि बेसिनं विकणाऱ्या एका शोरूममध्ये ती कामाला आहे. त्यामुळे कुणाच्याही घरी गेली की ती आधी बाथरूममध्ये शिरते, नळ उघडते, बंद करते, आणि बाहेर येऊन यजमानांना सांगते, "वॉशर गेलाय. आणि बसवणारा गाढव होता." मग चहा घेते आणि चहाला मार्क देते.

"सहा."

"दहापैकी ना, ताई?" आई विचारते. दर वेळी विचारते.

"मग काय शंभरपैकी?"

बाबांच्या जुन्या गाडीला पाच, "त्यातले दोन नुसते रंगाचे." शाळेच्या संमेलनात मी शिक्षकांच्या नकला केल्या तेव्हा सगळं सभागृह लोळत होतं. आत्या म्हणाली, "चार. हेडमास्तर जमलाय, बाकी सगळे एकाच नाकातून बोलतात." मला ती आधीपासूनच आवडत नव्हती. तेव्हा फक्त कारण मिळालं.

तर पदवी. शोरूमचा मॅनेजर यंदा निवृत्त होणार होता. वीस वर्षं त्याच्या नाकावर टिच्चून शोरूम चालवली ती आत्याने, पण नळांच्या कंपनीचा नियम असा की मॅनेजर पदवीधरच हवा. मालकाला एक भाचा आहे. पदवीधर. तो वॉशबेसिनला 'बाउल' म्हणतो आणि गिऱ्हाईक दारात दिसलं की फोन कानाला लावतो. मालकाने आत्याला स्पष्ट सांगून टाकलं होतं: "बाई, ह्या निकालात तुमचं नाव असेल तर खुर्ची तुमची. नसेल तर भाचा आहेच." आणि पुन्हा प्रयत्न करायची सोयच नव्हती. कॉलेजात सात वर्षांपेक्षा जुने विषय, पास झालेले असले तरी, बाद होतात. यंदा राहिली असती तर पहिल्या वर्षापासून सुरुवात.

धंद्याच्या पदवीला नफा-तोट्याशिवाय काय लागणार, असं मला वाटायचं. आत्याच्या संध्याकाळच्या कॉलेजला बरंच काही लागतं. हिशोब, अर्थशास्त्र, कायदा, जाहिरात हे तर आहेच. शिवाय विज्ञानाचा एक विषय हवा, कलेचा एक हवा, चारचौघांत भाषण करून दाखवायला हवं, आणि कुठेतरी उमेदवारी केलेली हवी. आत्याने सगळं केलं. विज्ञानात पाण्याचा दाब घेतला आणि शिकवणाऱ्या बाईंना पाइपावरून छळलं. कलेत चित्रांचा आस्वाद घेतला, म्हणजे मोठमोठ्या चित्रांना पाच-सहा मार्क देऊन आली. उमेदवारीची तर गंमतच झाली. ज्या शोरूममध्ये तिने पोरांच्या दोन पिढ्या रडवल्या, तिथेच तिला तीन महिने शिकाऊ म्हणून नाव नोंदवावं लागलं. वर मालकाने कॉलेजला लिहून दिलं की उमेदवार होतकरू असून शिकण्याची इच्छा दिसते. 'होतकरू' हा शब्द आमच्या घरात अजूनही कुणी उच्चारत नाही.

उरला शेवटच्या वर्षाचा ग्रुप प्रोजेक्ट. चौघांचा गट लागतो, एकट्याने करून चालत नाही. काम सर तपासतात, पण त्याशिवाय आणखी एक चाळणी आहे. गटातल्या प्रत्येकाने बाकीच्या तिघांना आणि स्वतःलाही दहापैकी मार्क द्यायचे. आपल्याला मिळालेल्या अशा चार आकड्यांची सरासरी पाचच्या खाली गेली की काम सोन्याचं असलं तरी नापास. का, तर धंद्यात माणसं सांभाळता आली पाहिजेत म्हणे.

ह्या नियमावर पोरांनी केव्हाच तोडगा काढलेला आहे. सगळे सगळ्यांना दहा देतात. ठरवावं लागत नाही, बोलावंही लागत नाही. लिफ्टमध्ये शिरलं की जसे सगळे आपोआप दाराकडे तोंड करून उभे राहतात, तसं हे दहा लिहिणं. कॉलेज सुरू झाल्यापासून त्या चाळणीत कुणी अडकलं नव्हतं.

आत्या अडकली. पहिल्या खेपेला तिने गटातल्या तिघांना तोंडावर सांगितलं: "तुला दोन. तुला तीन. आणि तू कोण? तुला मी आज पहिल्यांदा बघतेय. शून्य." मग तिघांनीही तिला शून्य ठेवलं. स्वतःला तिने सहा घेतले होते. सहा भागिले चार. त्यापुढे ती वर्गात शिरायच्या आतच सगळे गट भरलेले असायचे. कॉलेजात तिला 'वजनकाटा' म्हणायला लागले, वर्षामागून वर्ष गेलं, आणि आमच्या जिन्यात बाहीतली चिठ्ठी जन्माला आली.

यंदा सरांनी कुणालाच नको असलेल्यांचा गट करून त्यात तिला घातलं. बैठक आमच्या घरी, कारण आत्याकडे खुर्ची एकच आहे. दुसरी ठेवली तर लोक बसतात, असं ती म्हणते.

तिघे आले. एक जिमवाला. दंड इतके फुगलेले की हात सरळ खाली सोडता येत नाहीत, पंख सुकत घातल्यासारखे बाजूला. दुसरी एक मुलगी, जिला मी पाच मिनिटांत 'होहो' नाव ठेवलं, कारण समोरचा वाक्य सुरू करायच्या आत ती "हो ना, हो ना" म्हणायची. तिसरे टॅक्सीवाले, बाबांच्या वयाचे. ते खुर्चीत टेकले की डोळे मिटायचे, पण मान बरोबर जागी हलायची.

"आँटी, सरळच सांगतो ना यार," जिमवाला म्हणाला. "तुमचं सगळं माहितीये आम्हाला. आम्ही तुम्हाला दहा देतो, तुम्ही आम्हाला दहा द्या. विषय संपला."

"आँटी तुझ्या घरी. काम काय करणार आहेस?"

"काम होईल ना यार."

"होईल? झाडाला लागतं का ते?"

"मॅम, सगळे तसंच करतात," होहो म्हणाली आणि स्वतःच दचकली. "म्हणजे, तुम्ही म्हणाल तसं. हो ना."

टॅक्सीवाल्यांनी एक डोळा उघडला. "बाई, भांडायचं असेल तर पटकन भांडून घ्या. खाली गाडी नको तिथे लावलीये."

"दहाचं काम करा, दहा घ्या," आत्या म्हणाली. "मला काय, दहा लिहायला शाई तेवढीच लागते."

जिमवाल्याने ह्याचा अर्थ 'ठरलं' असा घेतला. जाताना त्याने बाबांशी हातसुद्धा मिळवला. बाबांना मात्र बहीण माहीत होती. तिघे गेल्यावर ते म्हणाले, "ताई, लिहून टाक ना गं. तुझं काय जातं?"

"उद्या गळक्या नळालाही दहा देऊ?"

"नळ उलटून शून्य देत नाही, ताई."

विषयही तिनेच ठरवला: विकलेले नळ परत का येतात. जिमवाल्याला तिने नळ परत केलेल्या गिऱ्हाइकांकडे पाठवलं. आठवड्याने तो ऐटीत उत्तरांचा गठ्ठा घेऊन आला. आत्याने वाचायला घेतला. नळ परत का केला? 'सेवा उत्तम आहे.' पुढच्याने का केला? 'सेवा उत्तम आहे, कर्मचारी हसतमुख.' हसतमुख वाचल्यावर तिने फोन उचलला आणि सगळ्यांच्या देखत, स्पीकर चालू करून, त्यातल्याच एका बाईंना लावला.

"आमचा मुलगा येऊन गेला ना तुमच्याकडे?"

"कोण मुलगा? इथे कुणी नाही आलं. आणि तो दुसरा नळपण गळतोय, ऐकू येतंय का?"

खरंच ऐकू येत होतं. टप, टप. जिमवाल्याचे कान लाल झाले.

"गाढव तर गाढव, वर खोटारडा," आत्या म्हणाली. "तू आता काही करू नकोस. बस तिथे." आणि तो बसला. पुढच्या प्रत्येक बैठकीला येऊन तो आमच्या कॅलेंडरखाली बसायचा आणि जायचा.

होहोला तिने लिहायला बसवलं. एक ओळ वाचून झाली की आत्या थांबवायची. "ग्राहकाभिमुख म्हणजे काय?"

"हो ना, मॅम."

"हो ना काय? कुठे आहे त्या ग्राहकाचं मुख? दाखव मला."

होहो उठून आमच्या बाथरूममध्ये गेली. रडू ऐकू जाऊ नये म्हणून तिने नळ सोडला. आत्याने दारावर थाप मारली. "आधी नळ बंद कर. पाणी फुकट येत नाही."

टॅक्सीवाल्यांना ती ऐन दुपारी फोन करायची. ते रात्रभर गाडी चालवतात हे तिला चांगलं माहीत होतं. "झोपलात का?" "हो, बाई." "बरं. उठा." बिचारे उठायचे. नुसते उठायचे नाहीत, गाडीत बसवून तिला गिऱ्हाइकांच्या घरोघर फिरवायचे.

शेवटी तिघांचं सगळं खोडून तिने स्वतःच पुन्हा लिहिलं. सरांपुढे उभं राहून बोलायचं होतं चौघांनी, बोलली एकटी आत्या. बाकीचे तिघे मागे पडद्यासारखे उभे. सर खूश झाले. मग चौघांना एका खोलीत लांब लांब बसवून एकमेकांचे मार्क लिहून घेतले.

त्या दिवशी जेवताना आईने वाढता वाढता विचारलं, "काय दिलंत, ताई?"

"जिमला तीन. पोरीला सात, टॅक्सीला सात."

"देवा," बाबा म्हणाले. "आणि स्वतःला?"

"चार."

आईच्या हातातला डाव भांड्यात पडला. "चार? अहो ताई, स्वतःला तरी..."

"तीन माणसं दिली होती. तिघांकडून काम करून घेता आलं नाही, सगळं मलाच करावं लागलं. मॅनेजर असं करतो? चार. पाणी दे."

"आणि त्यांनी मागच्यासारखं शून्य दिलं तर?" बाबांचा आवाज चिरकला.

"तर देऊ देत."

बाबा ताटावरून उठून बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

निकाल फोनवर आला. उत्तीर्ण. बाबांनी अशी आरोळी ठोकली की वरच्या मजल्यावरून कुणीतरी जमिनीवर आपटलं. आईने डोळे पुसले, आणि ते अश्रू आनंदापेक्षा सुटकेचे होते हे कुणालाही कळलं असतं. आत्या चष्मा लावून आकडे बघत राहिली. दहा, दहा, दहा, आणि तिचे स्वतःचे चार.

"चोर," ती म्हणाली.

"कोण?"

"तिघंही. जिमने मला दहा दिले? मी त्याला गाढव म्हटलं, खोटारडा म्हटलं, महिनाभर भिंतीला टेकवून ठेवला. दहा कशाचे?"

"सवयीने गं, आत्या," मी म्हटलं. "कागद समोर आला की हात आपोआप दहा लिहितो."

"मग तो हात धरला पाहिजे कुणीतरी. मी हरकत घेणार."

बाबांना आधी कळलंच नाही. कॉलेजात मार्कांवर हरकत घेता येते, पण ती लोक मार्क कमी पडले म्हणून घेतात. जास्त पडले म्हणून हरकत? बाबा तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले. "ताई, खुर्ची मिळाली. सात वर्षं झाली. आता तरी तोंड मिटून घे."

"खुर्ची कशावर मिळाली? ह्या दहांवर? त्या भाच्यानेही असेच मिळवले असतील."

मला हे नाटक असह्य झालं. मी म्हटलं, "आत्या, तू हरकत घेशील, पण टिकवणार नाहीस. सर म्हणतील, 'काय आहे की बाई, पदवी जाईल,' आणि तू मुकाट्याने कागद उचलून परत येशील. पैज."

सरांचा आवाज मी त्यांच्या एका फोनवरून उचलला होता. तो तिला ओळखू आला, कारण तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. "काय लावतेस?"

ठरलं ते असं. मी हरले तर वर्षभर तिला घरात 'मॅडम' म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं, शोरूममधल्या पोरांसारखं. ती हरली तर तिने मला 'ताई' म्हणायचं, अहो-जाहोसकट. आत्या हात पुढे करून "अहो ताई, जेवायला बसता ना?" म्हणतेय, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मला गुदगुल्या झाल्या.

"ही काय पैज लावायची गोष्ट आहे?" बाबा म्हणाले.

"तू गप रे," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आणि तू साक्षीला चल. नंतर कुरकुर नको."

सरांच्या केबिनमध्ये दोन माणसं बसली की तिसऱ्याला दार लावता येत नाही. सरांनी हरकतीचा कागद वाचला, उलटा करून पाहिला, पुन्हा वाचला.

"बाई, काय आहे की, जास्त मार्कांवर हरकत... काय आहे की, अशी कधी आलेलीच नाही."

"आता आलीये."

"हरकत घेतली की जुने मार्क रद्द होतात. काय आहे की, तिघांना बोलवावं लागतं. मग त्यांनी तुमच्या तोंडावर आकडा सांगायचा, कारणासकट. तो शेवटचा. पाचच्या खाली गेलात तर नापास, आणि तुमचे जुने विषय, काय आहे की, पुढच्या महिन्यात बाद."

"माहितीये. बोलवा."

तिघे आले, आणि येताना राग घेऊनच आले. स्वतःच्या निकालात प्रत्येकाला दहा, दहा, दहा आणि एक भलताच आकडा दिसला होता. तो कुणाचा हे विचारायची गरज नव्हती.

"तुमचे स्वतःचे चार," सर आत्याला म्हणाले. "ते तरी बदलायचे का?"

"चारच."

"तीन!" जिमवाला दारातूनच म्हणाला. "माझे तीन."

"कारण?"

"त्यांनी मला तीन दिले ना यार! मला वाटलं सगळ्यांसारखे त्यांनीपण दहा दिले असतील."

"हे कारण नाही," सर आणि आत्या एकदम म्हणाले.

जिमवाल्याने श्वास घेतला, शर्टची बटणं ताणली गेली. "कारण पाहिजे? घ्या. मी खोटे कागद भरले, मान्य. पण तुम्ही मला सगळ्यांसमोर फोन लावून उघडा पाडलात. बाजूला घेऊन शिव्या दिल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी गेलो असतो मी घरोघर. त्यानंतर एक काम दिलं नाहीत. मी रोज यायचो ना यार! रोज येऊन कॅलेंडर बघत बसायचो. तुम्हाला काम करून घ्यायचंच नव्हतं. मी गाढव आहे हे दाखवायचं होतं, ते दाखवलंत. तीन."

आत्याच्या तोंडून आता काय निघतं म्हणून मी कान टवकारले.

"लिहा तीन," ती सरांना म्हणाली.

टॅक्सीवाल्यांनी घसा साफ केला. "सहा."

"चार कशाचे कापले?" आत्याने विचारलं.

"दोन झोपेचे. आणि दोन, बाई, माझ्या गाडीत बसून तुम्ही मला गाडी चालवायला शिकवलीत त्याचे."

"तुम्ही गिअर उशिरा टाकता."

"बघा, सर."

सरांनी बेरीज केली. चार, तीन, सहा. तेरा. पास व्हायला वीस हवे होते, म्हणजे होहोने सात द्यायला हवे होते. तीच होहो, जी दारापाशी उभी राहून पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती आणि बोट पांढरं पडलं तरी सोडत नव्हती.

सरांनी पेन खाली ठेवलं, हरकतीचा कागद फिरवून आत्याच्या पुढ्यात सरकवला. "बाई. काय आहे की, अजून मागे घेता येते. इथे सही करा, जुना निकाल राहील. मी काही ऐकलं नाही. ह्यांनी काही म्हटलं नाही."

"करा ना यार आँटी," जिमवालाच म्हणाला. त्याला तिचा अपमान हवा होता, नुकसान नको होतं.

आत्याने सरांचं पेन उचललं. माझ्या कानात 'अहो ताई, अहो ताई' वाजायला लागलं. तिने पेनाला टोपण लावलं, ते सरांच्या डब्यात उभं ठेवलं आणि होहोकडे मान वळवली.

"पुढची."

"हो, मॅम," होहो म्हणाली.

"हो काय? आकडा."

"दहा."

आत्याची मूठ टेबलावर आपटली, सरांचा कप उडाला. "पुन्हा तेच?"

"मॅम, पण तुम्हाला सात लागतात ना, म्हणून मी..."

"मला काय लागतं हे विचारलं का तुला? मी कशी होते ते सांग."

होहोने दाराबाहेर बघितलं. मला वाटलं आता नळ शोधेल. पण तिने बंद बोटावरून ओढून काढला. "वाईट होतात. तुमच्याकडे यायचं असलं की सकाळपासून मला काही खाता यायचं नाही. मी रडत होते तर तुम्ही म्हणालात, पाणी फुकट येत नाही."

"येतच नाही."

"मॅम, गप्प बसा!"

टॅक्सीवाल्यांचे दोन्ही डोळे उघडले. सर हळूच खुर्ची मागे घेत होते.

"प्रत्येक शब्दाचा अर्थ तुम्ही मला विचारलात. आधी कुणी विचारायचं नाही, सगळे छान छान म्हणायचे. म्हणून त्या दिवशी सरांनी काहीही विचारलं असतं तरी मला आलं असतं. सगळं येत होतं! तुमच्यामुळेच येत होतं! आणि तुम्ही मला तोंड उघडू दिलं नाहीत. मागे उभं केलंत, खांबासारखं." तिने नाक पुसलं. "सर, साडेसात."

"काय आहे की, अर्धा चालत नाही. पूर्ण आकडा."

होहोने आत्याकडे बघितलं. चांगलं रोखून, वेळ घेऊन बघितलं. "मग सात. आठ नाही देणार."

"नकोच देऊ," आत्या म्हणाली.

वीस भागिले चार. सरांनी तो भागाकार दोनदा केला, जणू दुसऱ्यांदा वेगळा येईल. "पास. काय आहे की, जेमतेम."

आत्याने पर्स बंद केली. "सोमवारपासून शोरूममध्ये येतेस का?" तिने होहोला विचारलं. "पगार फारसा नाही."

"नाही, मॅम," होहो म्हणाली, आणि जिमवाल्याच्या मागून निघून गेली. टॅक्सीवाल्यांनी जाताना आम्हाला घरी सोडतो असं म्हटलं नाही.

बाहेर व्हरांड्यात आत्याने मालकाला फोन लावला. "पास. पाच सरासरी. हो, पाचच, नीट ऐकलंत. सोमवारी खुर्ची रिकामी पाहिजे. आणि भाच्याला सांगा, त्याला बेसिन म्हणतात." फोन पर्समध्ये टाकून ती माझ्यासमोर उभी राहिली. बाजूने पोरं जात होती आणि ती वाट बघत होती.

"काय?" मी म्हटलं.

"काय काय? बोल."

"अभिनंदन." दात आवळून मी पुढचा शब्द बाहेर काढला. "मॅडम."

"आणि?"

"आणि चला आता घरी."

"असं नाही. 'निघायचं का, मॅडम?' शोरूममधली पोरं असं विचारतात."

"निघायचं का, मॅडम?"

"आवाज नीट काढ. तू नकलाकार ना?"

पैजेत लिहिण्याबद्दल काही ठरलं नव्हतं, म्हणून इथे मी तिला मनसोक्त 'ती' म्हणून घेतलंय. घरात मात्र पुढचं वर्षभर 'मॅडम, तुमचं ताट वाढलंय' आहे, तेही पोरांच्या आवाजात, मान थोडी खाली घालून. आई तोंडाला पदर लावून हसते. मॅडम हसत नाहीत. त्या ताटावर बसतात आणि म्हणतात, "पुन्हा म्हण. घाई केलीस."